दुसऱ्या बाजूचा हट्ट

निक गाग्लिया ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘ओव्हर द जीडब्ल्यू’ हा २००७ सालचा चित्रपट आम्ही मध्यंतरी पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांसमवेत पाहिला. दीड तासाहूनही छोटा, अत्यल्प खर्चात उभा केलेला, आपल्याकडे कोणी नावही न ऐकलेला. पाहून झाल्यावर रिवाजाप्रमाणे चर्चा झाली. चर्चेला दोन सहकारी अध्यापकही होते. पहिला अभिप्राय आला तो असा, की चित्रपट प्रामाणिक आहे पण एकांगी आहे, संस्थेची बाजू दिग्दर्शकाने मांडलेलीच नाही. दुसरा असा, की अनुभव दाहक आहे, परंतु त्याचे कलेत रूपांतर झालेले नाही. माना डोलल्या. वह्यांत टिपणे उतरली. ह्या दोन वाक्यांना इतक्या सहजपणे माना डोलाव्यात, हे साहित्याच्या वर्गाचे एक जुने दुखणे आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणून हा लेख. चित्रपट केवळ निमित्तापुरता घेतला आहे असे मात्र कोणी समजू नये. ह्या दोन वाक्यांचा त्या चित्रपटातील कोंडलेल्या खोल्यांशी जो संबंध आहे तोच आम्हांला दाखवायचा आहे.

कथानक थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला टोनी हा किशोरवयीन मुलगा. नशापाण्याच्या वाटेला लागलेला, घरात कोणाला न जुमानणारा. आई त्याला हडसन नदीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून न्यू जर्सीतील एका पुनर्वसन केंद्रात दाखल करते. शीर्षकातला ‘जीडब्ल्यू’ तो हाच पूल. पुलापलीकडे डॉ. हिलर नावाच्या गृहस्थांची सत्ता आहे. पुढे टोनीची बहीण सोफिया हीही त्याच केंद्राच्या तावडीत सापडते. समूहापुढे उभे करून केलेली मानखंडना, आरडाओरडा, शारीरिक बळजबरी आणि बाहेरच्या जगाशी तोडलेला संबंध, ह्यांतून चित्रपट आपल्याला सोडत नाही. गाग्लिया स्वतः किशोरवयात अशाच एका केंद्रात अडीचएक वर्षे अडकलेला होता. चित्रपट त्या अनुभवातून आलेला आहे.

आता ‘एकांगी’ ह्या शब्दाकडे येऊ. परंतु त्याआधी आपल्या मराठी वाचकाची एक अडचण मान्य केली पाहिजे. व्यसनमुक्ती केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याचे मुक्तांगण येते. अनिल अवचटांचे ‘गर्द’, डॉ. सुनंदा अवचटांचे काम, पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेला हात, १९८६ साली उभी राहिलेली ती संस्था, हे सारे आपल्या वाचनसंस्कृतीचा भाग झालेले आहे. व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, त्याच्याशी माणसासारखे बोलावे, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाला अवचटांच्या साध्या वाक्यांनी शिकवली. त्या चित्राची सवय झालेल्या प्रेक्षकाला हिलरचे केंद्र अतिरंजित वाटले तर नवल नाही. ‘असे कुठे असते का?’ हा प्रश्न आमच्या वर्गातही आला. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

चार्ल्स डीडरिक ह्या गृहस्थाने १९५८ साली कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ नावाची संस्था काढली. डीडरिक मूळचा ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’मधून आलेला. त्या संघटनेत माणूस आपल्या पायांनी येतो, आपल्या इच्छेने बोलतो, आणि समोरचे ऐकून घेतात. डीडरिकने त्यात एक भर घातली. गोल करून बसायचे, एकाला मध्ये धरायचे आणि त्याच्यावर शब्दांनी तुटून पडायचे. ह्याला त्या संस्थेत ‘खेळ’ असेच नाव होते. खेळाचा शेवट काय झाला पाहा: १९७८ साली संस्थेविरुद्ध खटले लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत खुळखुळ्या साप सोडण्यापर्यंत मजल गेली. तोवर ह्या पद्धतीची कलमे मात्र दूरवर लागलेली होती. फ्लॉरिडात १९७० साली ‘द सीड’ निघाली, ती खास किशोरवयीन मुलांसाठी. अमेरिकन सेनेटच्या एका उपसमितीने १९७४ च्या अहवालात ‘द सीड’च्या पद्धतींची तुलना कोरियन युद्धकाळात उत्तर कोरियाने कैद्यांवर वापरलेल्या मेंदू धुण्याच्या तंत्रांशी केली. एवढे झाल्यावर प्रकरण संपायला हवे होते. परंतु दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच फ्लॉरिडात ‘स्ट्रेट’ ह्या नावाने नवी संस्था उभी राहिली आणि तिच्या शाखा राज्याराज्यांत पसरल्या. तिच्या संस्थापकांपैकी एक, मेल सेम्बलर, पुढे ऑस्ट्रेलियात आणि नंतर इटलीत अमेरिकेचा राजदूत होता. ‘स्ट्रेट’चा राष्ट्रीय पातळीवरचा प्रमुख मिलर न्यूटन तेथून बाहेर पडला आणि १९८४ मध्ये त्याने न्यू जर्सीत ‘किड्स’ ही स्वतःची संस्था काढली. चित्रपटातल्या केंद्राची घडण ह्याच परंपरेतली आहे हे जाणकाराला ओळखावे लागत नाही, ते समोरच असते.

ह्या केंद्रांत काय चालत असे ते आज न्यायालयीन कागदपत्रांतून, वृत्तपत्रांतून आणि माया सॅलाविट्झ ह्या पत्रकार बाईंच्या ‘हेल्प ॲट एनी कॉस्ट’ (२००६) ह्या पुस्तकातून कोणालाही वाचता येते. नव्याने आलेल्या मुलाच्या पँटचा मागचा पट्टा जुन्या मुलाने मुठीत धरून त्याला चालवायचे. शौचालयातही पहारा. रात्री त्याला स्वतःच्या घरी न पाठवता दुसऱ्या एखाद्या मुलाच्या घरी कोंडून ठेवायचे. शाळा बंद. दिवसाचे दहा-बारा तास खुर्च्यांच्या रांगांत ताठ बसायचे आणि बोलायची परवानगी मिळावी म्हणून दोन्ही हात डोक्यावर नेऊन अंग घुसळत फडफडवायचे. हे फडफडणे म्हणजे उत्साह, असे त्या शास्त्रात मानलेले होते. जो हात फडफडवत नाही तो सुधारणेला विरोध करतो. जो विरोध करतो त्याला जमिनीवर दाबून त्याच्यावर बसायचे. बसणारीही मुलेच.

असो. तर ‘दुसरी बाजू’.

आमचे पहिले म्हणणे असे की दुसरी बाजू मांडली गेली नाही हे वस्तुस्थितीला धरून नाही. ती बावीस वर्षे आधी मांडून झालेली होती, आणि तीही चित्रपटातूनच. मिलर न्यूटन आणि बेथ पोल्सन ह्यांचे ‘नॉट माय किड’ हे पालकांसाठीचे पुस्तक १९८४ साली निघाले. त्याच नावाचा दूरचित्रपट १९८५ मध्ये सीबीएस वाहिनीवरून देशभर दाखवला गेला. जॉर्ज सेगल आणि स्टॉकर्ड चॅनिंग ह्यांच्यासारखे नामवंत त्यात आईबाप झाले होते. कथा आईबापांच्या नजरेतून, दुःख आईबापांचे, आणि केंद्र म्हणजे बुडत्या घराला मिळालेला आधार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपत्नी नॅन्सी रेगन ब्रिटनच्या राजकुमारी डायना ह्यांना घेऊन व्हर्जिनियातील ‘स्ट्रेट’च्या केंद्रात गेल्या. छायाचित्रे जगभर छापून आली. ह्याच व्हर्जिनियातल्या न्यायालयात दोन वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये, ज्यूरीने ‘स्ट्रेट’ला दोषी धरून एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला २ लाख २० हजार डॉलरची भरपाई देवविली होती. तो बिचारा भावाला भेटायला म्हणून गेला होता. त्यालाच ठेवून घेतले. निकाल आधी आणि राजकन्येची भेट नंतर, हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. दुसऱ्या बाजूला वाहिनी होती, प्रकाशक होता, अध्यक्षांचे निवासस्थान होते, राजघराणे होते. पहिल्या बाजूला २००७ मध्ये एक हलका कॅमेरा आणि काही नवखे नट मिळाले, तर आम्ही तिला तराजू आणायला सांगतो!

दुसरे म्हणणे अधिक गंभीर आहे. अशा केंद्रांची सगळी इमारत एका वाक्यावर उभी असे. ते वाक्य आईबापांना पहिल्याच दिवशी ऐकवले जाई: तुमचा मुलगा खोटे बोलेल. तो म्हणेल मला मारतात, उपाशी ठेवतात, झोपू देत नाहीत. हे आजाराचे बोलणे आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. तक्रार हेच रोगाचे लक्षण ठरवले की तक्रारीला जागाच उरत नाही. मूल जितके कळवळून सांगेल तितके ते अधिक आजारी. ही युक्ती इतकी परिपूर्ण आहे की तिच्यातून आतले कोणी सुटू शकत नाही. आणि पुढे तोच मुलगा मोठा होऊन चित्रपट काढतो, तेव्हा सुशिक्षित, सहृदय प्रेक्षक त्याला म्हणतो: तुझे ठीक आहे, पण केंद्राचे काय म्हणणे आहे तेही कळायला हवे होते. प्रेक्षकाला कल्पनाही नसते की तो त्या पहिल्या दिवसाच्या आईच्या खुर्चीत जाऊन बसलेला आहे.

येथे कोणी म्हणेल, की मग कलावंताच्या शब्दावर शंकाच घ्यायची नाही काय? अवश्य घ्यावी. ‘किड्स’मधून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण त्या संस्थेने आपला जीव वाचवला असेही सांगतात, आणि ते खोटे बोलतात असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु शंका घेणे वेगळे आणि समतोलाची मागणी करणे वेगळे. शंका घेणारा कागद शोधतो. त्याला सापडते, की १९८४ मध्ये तेरा वर्षांची असताना ‘किड्स’मध्ये दाखल झालेली एक मुलगी १९९७ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी, तेथून सुटली आणि २००३ मध्ये तिला ६५ लाख डॉलरची तडजोड मिळाली. समतोल मागणारा काहीच शोधत नाही. त्याला दोन्ही बाजूंच्या मधोमध एक सोयीची खुर्ची हवी असते. साहित्याच्या वर्गात ह्या खुर्चीला आपण ‘तटस्थता’ असे भारदस्त नाव दिलेले आहे.

आता कलेचा आक्षेप. अनुभवाचे कलेत रूपांतर झालेले नाही, हे वाक्य मराठी समीक्षेला नवे नाही. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, ‘उपरा’ १९८० मध्ये, ‘उचल्या’ १९८७ मध्ये. ह्या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी हेच म्हटले, की दस्तऐवज म्हणून मोल मोठे, समाजशास्त्राला उपयुक्त, परंतु वाङ्मयीन घडण कच्ची. आज तीच पुस्तके अभ्यासक्रमात लावून आपण त्यांच्या ‘निवेदनतंत्रा’वर प्रश्न काढतो. दोन अनुभवांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. जातीने केलेली शतकांची नाकेबंदी एका बाजूला आणि अमेरिकन कुटुंबांतल्या मुलांच्या वाट्याला आलेली काही वर्षांची कोंडी दुसऱ्या बाजूला, ह्यांना एका मापाने मोजणे अडाणीपणाचे होईल. तुलना आहे ती आक्षेपांची. सांगणारा जेव्हा सांगण्याच्या प्रस्थापित जागेवरून बोलत नाही, तेव्हा त्याच्या बोलण्यातले आपल्याला न झेपणारे ते ‘कच्चे’ ठरवले जाते.

परंतु ‘ओव्हर द जीडब्ल्यू’च्या बाबतीत हा आक्षेप आणखी एका कारणाने चुकतो, आणि हे कारण साहित्याच्या माणसांना बोचावे असे आहे. ह्या केंद्रांतला छळ मुख्यतः कथनाचा छळ होता. मारहाण होती, उपासमार होती, हे खरे; तरी त्या यंत्राचे मुख्य चाक होते गोष्ट सांगायला लावणे. समूहापुढे उभे राहून मुलाने आपला भूतकाळ सांगायचा. कोणती नशा, कधी, कोणाबरोबर, घरच्यांना काय यातना दिल्या, स्वतःची किती घाण वाटते. पुरेशी घाण नसेल तर पुन्हा सांगायचा. बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे कबूल केले आहे, की न केलेल्या गोष्टी आम्ही रचून सांगितल्या, कारण त्याशिवाय सुटका दिसेना. रोज रात्री ‘नैतिक झाडाझडती’ लिहायची. आपण आज कुठे चुकलो, आपल्यात कोणता दोष आहे. हीही कल्पना मूळची ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांतली, तिथे स्वेच्छेची आणि इथे सक्तीची. ठरलेल्या दिवशी आईबाप एका बाजूला, मुले दुसऱ्या बाजूला बसत आणि मुलगा ध्वनिक्षेपकावर आपली गोष्ट सर्वांसमक्ष म्हणून दाखवी. चांगली सांगितली तर वरची पायरी. अशा पाच पायऱ्या. अधःपतन, आत्मज्ञान, पश्चात्ताप, उन्नती, घरवापसी.

हा आराखडा कोणाच्या ओळखीचा नाही? संत ऑगस्टीनपासून रूसोपर्यंत पाश्चात्त्य आत्मकथन ह्याच जिन्याने चढते, आणि आपणही ते ‘आत्मशोध’ म्हणून शिकवतो. मिशेल फूकोने १९७६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की कबुली ही मुक्त होण्याची क्रिया भासते, प्रत्यक्षात तिला नेहमी एक ऐकणारा असतो आणि सत्ता ऐकणाऱ्याकडे असते. आम्ही हा उतारा वर्षानुवर्षे शिकवतो आहोत. विद्यार्थी त्याची टिपणे काढतात, परीक्षेत लिहितात. आणि तोच विचार ज्याच्या अंगावरून गेला त्याचा चित्रपट पडद्यावर चालू असताना आम्ही विचारतो, की नायकाच्या व्यक्तिरेखेचा विकास कुठे आहे!

विकास हाच तर त्या केंद्राचा माल होता. सुबक चढण असलेली गोष्ट सांगणे म्हणजे पायरी वर जाणे. ‘नॉट माय किड’ने ती गोष्ट सांगितली, दूरचित्रवाणीच्या सर्व शिस्तीत, व्यवस्थित आदि-मध्य-अंत घेऊन. गाग्लियाचा चित्रपट त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. त्यात प्रसंग पुरेसे उलगडत नाहीत, कोण कधीपासून तिथे आहे ते नीट कळत नाही, दिवस किती गेले त्याचा हिशेब लागत नाही, आरडाओरडा एका मर्यादेनंतर कंटाळवाणा होतो. हे सगळे दोष आहेत, आणि दिग्दर्शक नवखा होता म्हणून त्यांतले काही निव्वळ नवखेपणाचे आहेत. उगाच प्रत्येक अडखळण्याला हेतू चिकटवण्याची वकिली आम्ही करणार नाही. काही नटांचा अभिनय खरोखरच शालेय आहे. परंतु दिवसांचा हिशेब न लागणे हा दोष नव्हे. कोंडलेल्या मुलाला तो लागत नव्हता. आणि कंटाळा? दहा तास खुर्चीवर बसून एकाच तऱ्हेची कबुली पन्नास तोंडांतून ऐकणाऱ्याला येत असेल त्याचा शतांश आपल्या वाट्याला आला, आणि आपण घड्याळ पाहिले.

ज्यांना कलाकुसर हवी त्यांच्यासाठी ह्याच विषयावरचे इतर चित्रपट आहेत. व्हिन्सेंट ग्रॅशॉचा ‘कोल्डवॉटर’ (२०१३) घ्या. मुलाला भल्या पहाटे घरातून उचलून नेले जाते, पुढे माजी सैनिकी अधिकाऱ्याच्या छावणीतले हाल. चित्रण देखणे, ताण नेमका. परंतु तो ज्या वळणावर जातो तिथे प्रेक्षकाला हिंसेचे उत्तर हिंसेत मिळाल्याचे समाधान लाभते, आणि समाधान लाभले की माणूस घरी जाऊन झोपतो. डिझायरी अखावान हिचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ कॅमरन पोस्ट’ (२०१८) मात्र आम्ही निःसंशय मोठा मानतो. समलिंगी मुलामुलींना ‘सुधारण्या’च्या धार्मिक केंद्राची ती गोष्ट आहे, एमिली डॅनफोर्थ हिच्या कादंबरीवर बेतलेली. त्यात प्रत्येक मुलाला हिमनगाचे चित्र दिलेले असते. पाण्यावर दिसते ते पाप. पाण्याखाली त्याची कारणे मुलाने स्वतः शोधून लिहायची. वडिलांशी पटत नव्हते, खेळात फार रमले, असले काहीतरी. कॅमरनला पाण्याखाली लिहायला काही सापडत नाही, आणि लिहिल्याशिवाय सुटका नाही. हेमिंग्वेचा हिमनग वर्गात शिकवताना आम्हांला आता ते चित्र आठवते आणि क्षणभर खडू थांबतो. पाण्याखाली काहीतरी असलेच पाहिजे, हा आग्रह समीक्षकाचाही असतो.

आता चित्रपटाच्या सर्वांत अवघड भागाविषयी, ज्यावर आमच्या चर्चेत कोणी अवाक्षर काढले नाही. ह्या केंद्रांत मुलांना कोंडणारे बहुतांशी मुलेच असत. पट्टा धरणारा काल पट्टा धरवून घेणारा होता. पायरी चढायची तर नव्या मुलाला मोडून दाखवायचे. म्हणजे निव्वळ बळी असा तिथून कोणी बाहेर पडतच नाही. प्रत्येकाच्या हाताला कोणाच्या तरी मनगटाची आठवण असते. प्रीमो लेव्ही ह्याने छळछावण्यांच्या संदर्भात जो ‘करडा प्रदेश’ सांगितला, त्याची ही फार लहान, फार घरगुती आवृत्ती आहे. गाग्लियाच्या चित्रपटात बहीणभाऊ एकाच यंत्रात येतात तेव्हा ही गोष्ट असह्य होते, कारण रक्ताचे नातेही तिथे परस्परांवरच्या साक्षीचे साधन होऊ शकते. अशा ठिकाणी ‘दुसरी बाजू’ नेमकी कोणाची? संचालकाची बाजू तर छापून आली. दुसऱ्याचा पट्टा धरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची बाजू कोणी मागितली? आम्हांला वाटते, हा दिग्दर्शक ती बाजू सांगायला धजला आहे, आणि अडखळत का होईना पण सांगितली आहे. एकांगीपणाचा आरोप ह्याच चित्रपटावर व्हावा हे विशेष.

काळाचाही एक हिशेब आहे. हा चित्रपट २००७ चा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा निवासी केंद्रांविषयी अहवाल सादर केला. मृत्यूंची दहा प्रकरणे त्यात तपासली होती, आणि २००५ ह्या एका वर्षात ३३ राज्यांतील १,६१९ कर्मचारी अत्याचाराच्या प्रकरणांत गुंतल्याची नोंद होती. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहाने विधेयक संमत केले. सेनेटमध्ये ते अडले. त्यानंतर पॅरिस हिल्टन ह्या प्रसिद्ध बाईंनी २०२० च्या माहितीपटातून आपण युटामधील अशाच संस्थेत काय भोगले ते सांगितले, २०२४ मध्ये कॅथरीन कुबलर हिची ‘द प्रोग्रॅम’ ही माहितीमालिका नेटफ्लिक्सवर आली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात एकदाचा केंद्रीय कायदा झाला. कायदाही प्रामुख्याने अभ्यास करविणारा. संस्था बंद करण्याचे बळ त्यात नाही. सतरा वर्षे. ह्या काळात चित्रपटावर जे थोडेथोडके लिहिले गेले ते बव्हंशी छायाचित्रण, अभिनय आणि समतोल ह्यांविषयी. समीक्षेने कायदे करावेत असे आम्ही म्हणत नाही, तिला तेवढे कोणी विचारतही नाही. पण ऐकू आलेल्या गोष्टीवर ‘अनुभव अस्सल, अभिव्यक्ती अपुरी’ असा शिक्का मारून ती फडताळात ठेवण्याचे काम तरी तिने करू नये.

एक कबुली आम्हांलाही द्यायची आहे (शब्द टाळता येत नाही). ह्याच वर्गाला आम्ही सत्राच्या सुरुवातीला आत्मपर लेखनाचा स्वाध्याय दिला होता: आयुष्यातील अवघड प्रसंग आणि त्यातून आपण काय शिकलो, हजार शब्दांत. गुण वीस, त्यांपैकी पाच ‘प्रांजळपणा’साठी. हा स्वाध्याय आम्ही किती वर्षे देत आलो आहोत ते मोजवत नाही. मुले वडिलांच्या दारूविषयी लिहीत, नापास झाल्याविषयी, कोणाच्या मरणाविषयी. शेवटच्या परिच्छेदात सगळी शहाणी होत. जी शहाणी होत नसत त्यांना आम्ही समासात लिहीत असू, ‘समारोप हवा’.

चित्रपटानंतरच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी स्वाध्यायाची वही घेऊन आली. चर्चेत ती बोललेली नव्हती. तिने विचारले, हे लिहिणे सक्तीचे आहे का. आम्ही म्हटले, नाही. मग तिने विचारले, न लिहिणाऱ्याला प्रांजळपणाचे पाच गुण मिळणार की जाणार. सहकाऱ्यांशी बोललो, एकाचे मत पडले की नियम सर्वांना सारखा हवा. गुणपत्रक ह्या महिन्याच्या अखेरीस द्यायचे आहे. त्या रकान्यात अजून काही लिहिलेले नाही.